फॉर्मवर सही घेतली म्हणून आपण सुटलो का?

प्रश्न : दादा, मी मालवणचा, वय २६. बरेच सीझन स्कूबाच्या बोटीवर हेल्पर होतो, यंदा सगळे कोर्स पूर्ण करून इन्स्ट्रक्टर झालो. परवा पुण्याची फॅमिली आली होती, त्यातल्या काकांनी फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलेलं, पण बोटीत बसल्यावर सहज म्हणाले की आज बीपीची गोळी घ्यायची राहिली. मी त्यांना पाण्यात न्यायला नकार दिला. मालक भडकला, "सही केल्यान मां, मग आपलो काय संबंध?" त्याच दिवशी दुसरा एक गेस्ट खाली घाबरला आणि वर सुटायला बघत होता, मी त्याचं जॅकेट धरून हळूहळू वर आणलं तर वर आल्यावर तोच माझ्यावर ओरडला. माझं चुकलं का? नवख्या माणसाची जबाबदारी नेमकी किती माझी?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुझं काही चुकलं नाही, हे आधी सांगतो, कारण तुझ्या पत्रावरून वाटतंय की तू त्या दिवसापासून नीट झोपला नसशील.

आता फॉर्मचं बघ. तो फॉर्म गेस्टला काय त्रास आहे हे आपल्याला कळावं म्हणून असतो. सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पैसे घेऊन सेवा दिली की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो आणि निष्काळजीपणामुळे कुणी दगावलं तर पूर्वी भादंविचं ३०४-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. तो कागद तिथे मालकाला वाचवेल असं त्याने समजू नये, आणि तू तर अजिबात समजू नकोस.

आणि लोक खोटं बोलतात असंही नाही रे. 'काही आजार आहे का' विचारलं की आपल्याकडे माणूस नाहीच म्हणणार, बीपीला कोण आजार म्हणतं, त्यात पैसे भरलेले असतात, पोरं व्हिडिओ काढायला टपलेली असतात. म्हणून मी विचारताना माणसाला जरा बाजूला घेतो आणि विचारतो, रोज सकाळी कुठली गोळी घेता? दम्याचा पंप कधी वापरलाय का? कानाचं ऑपरेशन झालंय का, सर्दी आहे का, रात्री घेतलीय का, संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळावरून फ्लाइट तर नाही ना (एका डाइव्हनंतरसुद्धा निदान १२ तास विमान नको). असं विचारलं की लोक भडाभडा सांगतात. बीपीवाला माणूस कधीच डाइव्ह करू शकत नाही असं नाही, पण ते त्याच्या डॉक्टरने तपासून लिहून द्यायचं असतं, बोटीवर उभं राहून तू, मी किंवा मालकाने ठरवायचं नसतं. तेव्हा तू नकार दिलास ते बरोबरच झालं.

जबाबदारी किती म्हणशील तर खाली गेल्यावर सगळीच तुझी. कोर्स केलेला डाइव्हर मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा ज्यातून श्वासात घेतो ते तोंडात धरायचं साधन) शोधणं, हवा संपली तर जोडीदाराची घेणं हे सगळं शिकून १८ मीटरपर्यंत जायला तयार झालेला असतो. आपल्या गेस्टला कंबरभर पाण्यात पंधरावीस मिनिटं शिकवलेलं असतं. वेळ आली तर तो स्वतःला वाचवू शकत नाही, तेवढं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

दुसऱ्या गेस्टचंही तू बरोबर केलंस. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आलास तर दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस काही तेवढं ताणत नाही, ते फाटून हवा रक्तात शिरते आणि थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. दोनेक मीटरवरूनसुद्धा असं होऊ शकतं, त्यामुळे 'आपण कुठे खोल जातो' हे बोलणं सोडून दे. फक्त एक लक्षात ठेव, घाबरलेल्याला खाली दाबून धरायचं नाही. एक हात जॅकेटवर, दुसऱ्याने त्याचा रेग्युलेटर तोंडात धरून ठेवायचा, त्याच्या डोळ्यांत बघत त्याच्याबरोबर वर यायचं आणि बुडबुडे सतत निघतायत ना ते बघायचं. बुडबुडे थांबले म्हणजे त्याने श्वास रोखलाय.

माझ्या दुसऱ्या सीझनची गोष्ट सांगतो, ती अजून मनातून जात नाही. एका ताईंनी खाली मला अंगठा दाखवला. आपल्याकडे अंगठा म्हणजे 'मस्त', पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला', आणि मी स्वतःच त्यांना हे पाच मिनिटांपूर्वी शिकवलं होतं. पण रोज चार गेस्ट खूश होऊन अंगठा दाखवतात तशातलंच समजून मी कॅमेरा धरून माशांकडे वळलो. पुन्हा बघितलं तर मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी भरलेलं, डोळे विस्फारलेले आणि अंगठा तसाच वर. त्यांना काही झालं नाही, नशीब. पण त्यांनी बरोबर खूण केली होती आणि चुकलो मी. तेव्हापासून अंगठा दिसला की मी गेस्टला वर आणतो, त्याच्या मनात काहीही असो, आणि गेस्ट हातात असताना कॅमेरा धरत नाही. शूटिंगला दुसरा माणूस हवा, मालकाला हे ठामपणे सांग. बाहेरच्या नियमांत नवख्यांना १२ मीटरच्या आत नेतात आणि एका इन्स्ट्रक्टरमागे चार जण चालतात, पण आपलं पाणी गढूळ झालं की हातभर अंतरावरचंही दिसत नाही, तेव्हा एकाला एक, त्यात तडजोड नको.

बोटीचंही तसंच. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते पाण्याखाली नव्हते. गेस्ट किनाऱ्यावर उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावरच राहू दे, उकडतंय म्हणाला तरी.

आणि उद्या सकाळी पहिलं काम कर, बोटीवर इमर्जन्सीचा ऑक्सिजन आहे का बघ. असेल तर सिलिंडर भरलेला आहे का, मास्क बसतो का, तुझ्याशिवाय अजून कुणाला तो लावता येतो का, हेही बघ आणि मला कळव.