एडिटिंगच्या डेस्कटॉपला २.५ गिगाबिटचं लॅन कार्ड घ्यावं की थेट १० गिगाबिटचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सुदामा नगरात घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता, डेस्कटॉपला मदरबोर्डवरचंच १ गिगाबिटचं लॅन आहे, दोन हार्ड डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) घेतलाय, एका लग्नाचं दोनशे जीबी फुटेज त्यावर टाकायला अर्धा तास जातो, आणि दुकानदार म्हणतोय की १० गिगाबिटचंच घ्या, एकदाच काय तो खर्च. शिवाय नव्या कार्डामुळे घरचं २०० एमबीपीएसचं इंटरनेटही जोरात पळेल का, हे शेवटी विचारलंय.

शेवटचं आधी उरकतो. नाही पळणार. तुमच्या १ गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, पोर्टातून २०० एमबीपीएस जाऊन वर चारपट जागा रिकामी राहते. कार्ड बदलून इंटरनेट वाढलं असं कोणी सांगितलं, तर त्याचा आधीचा लिंक, म्हणजे केबलच्या दोन टोकांत जुळलेला वेग, बहुतेक १०० एमबीपीएसवर अडकलेला असणार. तो प्रकार आपल्याकडे फार आहे, खाली त्याबद्दल लिहिलंय.

आता मुख्य गोष्ट. मी इथे इंदुरातच ऑफिसं, दवाखाने आणि स्टुडिओ यांची लॅनची कामं करतो, आणि माझ्या मते कार्ड ही सगळ्यात शेवटी ठरवायची वस्तू आहे. पहिली डिस्क, मग समोरचं टोक, मग केबल, मग मदरबोर्डवरचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती खाच. एवढं बघून झालं की कार्ड आपोआप ठरतं.

तुमचेच आकडे घेऊ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १ गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी (मेगाबाइट), प्रत्यक्ष फाइल कॉपी करताना ११० ते ११५. दोनशे जीबीला अर्धा तास लागतो तो याच हिशेबाने, म्हणजे तुमची लाइन आज पूर्ण भरून चालते आहे, तिच्यात काही बिघाड नाही. २.५ गिगाबिटवर प्रत्यक्षात २८०च्या आसपास मिळतं, तेच काम बारा मिनिटांवर येतं. १० गिगाबिटवर ११०० च्या घरात, म्हणजे तीन मिनिटं. दुकानदार हाच तीन मिनिटांचा आकडा दाखवतो.

पण तुमच्या नॅसमध्ये दोन हार्ड डिस्क आहेत, आणि बहुधा मिररमध्ये लावलेल्या, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं. चांगली ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण २०० एमबी लिहिते, भरत आली की त्याहून कमी. दोनशे जीबीला २०० च्या वेगाने सोळा-सतरा मिनिटं लागतात. ही सतरा मिनिटं २.५ गिगाबिटवरही सतराच आणि १० गिगाबिटवरही सतराच. डिस्कच जेवढं गिळू शकत नाही, तेवढं वाढून उपयोग काय? म्हणून तुमच्या आजच्या सामानाला २.५ गिगाबिट पुरून उरतं. १० चा विचार दोन्ही बाजूंना एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान चिपांची डिस्क) असतील किंवा नॅसमध्ये चार-सहा डिस्क असतील तेव्हा करायचा.

दुसरं, नॅसच्या पाठीवरचा पोर्ट किती गिगाबिटचा आहे ते पाहिलंत का? प्रश्नात ते नाही. कार्ड एकाच बाजूला बदलून काही होत नाही, दोन टोकांपैकी जे हळू असेल त्याच वेगावर लिंक जुळतो. नॅसला १ गिगाबिटचाच पोर्ट असेल तर डेस्कटॉपवर कितीही महाग कार्ड लावा, अर्धा तास तो अर्धाच तास. काही नॅसना मागे दोन पोर्ट असतात आणि "दोन जोडले की दोन गिगाबिट" असं सांगितलं जातं. एका संगणकावरून चाललेली एक कॉपी अशा जोडणीत सहसा एकाच पोर्टातून जाते, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. क्यूनॅप कंपनीच्या बऱ्याच नॅसना यूएसबीतून २.५ किंवा ५ गिगाबिटचा अडॅप्टर चालतो, काहींत आत कार्डाचा स्लॉट असतो. तुमच्या मॉडेलला यातलं काहीच नसेल, तर कार्डाचे पैसे आत्ता खर्चूच नका.

मध्ये स्विच (बऱ्याच लॅन केबली एकत्र जोडणारा डबा) किंवा राउटर असेल तर तोही मोजायचा. घरच्या राउटरचे लॅन पोर्ट बहुतेक १ गिगाबिटचेच, स्वस्त राउटरचे तर १०० चे. पण तुमचे एकच डेस्कटॉप आणि एकच नॅस आहेत, त्यामुळे स्विच घ्यायचीही गरज नाही. दोघांना थेट एका केबलने जोडा. दोन्हीकडे हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाका, एकाला १०.०.०.१, दुसऱ्याला १०.०.०.२, सबनेट २५५.२५५.२५५.० आणि गेटवेची जागा रिकामी. डेस्कटॉपचा जुना १ गिगाबिटचा पोर्ट राउटरला तसाच राहू द्या, इंटरनेट तिकडून येईल. विंडोजमध्ये नॅस उघडताना नावाऐवजी नॅसचा हा नवा आयपी टाकून उघडा, नाहीतर सगळी कॉपी परत जुन्याच वाटेने जाईल आणि तुम्ही कार्डाला नावं ठेवाल.

आता केबल, कारण आपल्या गावात खरी गोम तिथेच आहे. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक, ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं. त्यामागचा हेतूच हा होता की भिंतीत आधीपासून असलेली केबल उपटावी लागू नये. कॅट ५ई, कॅट ६ या लॅन केबलच्या प्रती; २.५ गिगाबिट कॅट ५ई वर पूर्ण शंभर मीटर जातं, ५ गिगाबिटला तेवढ्या अंतरासाठी कॅट ६ घ्यावी. १० गिगाबिट कॅट ६ वर पंचावन्न मीटरपर्यंत आणि शंभर मीटरसाठी कॅट ६ए. तुमच्या खोलीतल्या दोन-तीन मीटरला यातलं काहीही चालेल, "कॅट ८ घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मात्र केबल खरी हवी. बाजारात कॅट ६ म्हणून जी स्वस्त बंडलं मिळतात त्यातली कित्येक सीसीए असतात, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. ओळखायची रीत सोपी: टोक सोला, एका बारीक तारेवर ब्लेडचं पातं हलकेच खरवडा. आतपर्यंत लालसर दिसलं तर तांबं, खाली चांदीसारखं चकाकलं तर सीसीए. अशी तार दोन-तीनदा वाकवली की कट्कन तुटते. ती कॅट ६ च्या मानकात बसतच नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आणि कनेक्टर. मागे रामबागेतल्या एका जुन्या घरी गेलो होतो, तक्रार अशी की नवा प्लॅन घेतला तरी ९५ च्या वर काही जात नाही. विंडोजमध्ये लिंक स्पीड पाहिला तर १००. कनेक्टर काढून टॉर्चसमोर धरला: सात तारा पुढच्या भिंतीला टेकलेल्या, आठवी तपकिरी तेवढी मागेच राहिलेली, पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी, म्हणून लिंक लागतो आणि कोणाला शंकाही येत नाही. गिगाबिट आणि त्यापुढच्या सगळ्याला चारही जोड्या लागतात. नवा कनेक्टर लावला, लिंक १००० वर आला, बिल कनेक्टरचं आणि चहाचं. तुम्ही तयार पॅच कॉर्ड घ्या, घरी क्रिंपिंगच्या, म्हणजे स्वतः कनेक्टर दाबून बसवायच्या, भानगडीत पडू नका.

स्लॉटकडे वळू. २.५ गिगाबिटचं कार्ड छोट्या पीसीआयई एक्स१ स्लॉटात बसतं (एक्सपुढचा आकडा म्हणजे लेनची, डेटाच्या वाटांची, संख्या). स्लॉट जुन्या २.० पिढीचा असला तरी एका लेनमधून सेकंदाला ५०० एमबी जातात आणि तुम्हाला लागतात ३१२, म्हणजे प्रश्न मिटला. ५ गिगाबिटला ६२५ लागतात, तिथे २.० चा एक्स१ कमी पडतो, ३.० हवा. एएमडीच्या बी४५० किंवा इंटेलच्या एच३१० सारख्या बोर्डांवर चिपसेटकडून येणारे स्लॉट २.० चेच असतात, हे पेटीवर कोणी ठळक छापत नाही, मॅन्युअल उघडून पाहावं लागतं. १० गिगाबिटच्या बहुतेक कार्डांना एक्स४ लागतो. मोठा दिसणारा दुसरा स्लॉट पूर्ण असेलच असं नाही. टॉर्च मारून आत पाहिलंत तर बऱ्याचदा पिना पाव लांबीतच संपलेल्या दिसतात. तो एक्स४ असतो, कधी कधी एक्स१ सुद्धा. शिवाय काही बोर्डांवर दुसरी एम.२ एसएसडी लावली की हा स्लॉट बंद पडतो. तुमची कॅबिनेट बारकी असेल तर कार्डासोबत ते मागे अडकवायची आखूड पट्टी येते का तेही आधीच विचारा.

आता कार्डाच्या आतली चिप. तुमच्यासाठी रिअलटेकची आरटीएल८१२५ असलेलं कुठलंही धड कार्ड. टीपी-लिंकचं टीएक्स२०१ त्यातलंच, आणि बिननावाची कार्डंही बहुतेक हीच चिप वापरतात. किंमत हजार ते अडीच हजारांच्या आसपास. विंडोज ११ वर लावलं की चालतं, विंडोज १० वर ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. लोक अजून रिअलटेक म्हटलं की नाक मुरडतात आणि इंटेल मागतात. २.५ गिगाबिटच्या बाबतीत मी ते ऐकत नाही. इंटेलच्या आय२२५-व्ही च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत खोट होती, काही स्विचांबरोबर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायचे. पुढे आय२२६-व्ही आली, तिच्यावरही काही जणांचा लिंक मध्येच तुटायचा, वीज वाचवणारी सेटिंग बंद केली की बहुधा थांबायचा. आजची रिअलटेक गुपचूप काम करते आणि थंड राहते.

समजा पुढेमागे तुम्ही १० वर गेलातच, तर दोन वाटा आहेत. एक साध्या लॅन केबलची: मार्व्हलच्या एक्यूसी१०७ किंवा एक्यूसी११३ चिपचं कार्ड घ्या, ती २.५ आणि ५ वरही उतरते. सर्व्हरमधून निघालेलं जुनं इंटेल एक्स५४० स्वस्तात मिळतं म्हणून भुलू नका: ते १० नाहीतर थेट १, मधलं काही बोलत नाही. ती कार्डं तापतातही भरपूर. सर्व्हरमध्ये समोरून पंख्यांचा झोत असतो, तुमच्या कॅबिनेटमध्ये नाही, आणि मे महिन्यात इंदूरच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या हीटसिंकला बोट टेकवून बघा, ठरत नाही. बनावट इंटेल कार्डंही फिरतात. दुसरी वाट एसएफपी+ ची, म्हणजे साध्या लॅनपेक्षा वेगळ्या खाचेच्या पोर्टाची, आणि एकाच खोलीतल्या दोन यंत्रांसाठी मला ती जास्त आवडते: दोन्हीकडे एसएफपी+ कार्ड, मध्ये दोन-तीन मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना तयार प्लग असलेली तांब्याची केबल). उष्णता नगण्य, क्रिंपिंगचा प्रश्नच नाही. फक्त जुन्या सर्व्हर कार्डांना विंडोज ११ चा अधिकृत ड्रायव्हर मिळेलच असं नाही, घेण्याआधी पाहून घ्या.

सिल्व्हर मॉलमध्ये जाणार असाल तर "फास्ट वालं लॅन कार्ड" असं मागू नका, गिगाबिटचं हातात ठेवतील. "२.५ जी, आरटीएल८१२५" असं नाव घेऊन मागा, नसेल तर ऑनलाइन मागवा. यूएसबीचा २.५ गिगाबिटचा अडॅप्टरही वाईट नसतो, पण डेस्कटॉपला स्लॉट रिकामा असताना लोंबता डोंगल कशाला?

कार्ड लागलं की लगेच फुटेज कॉपी करून निकाल लावू नका. कॉपीत डिस्क, नॅसचा प्रोसेसर, अँटिव्हायरस सगळेच मिसळतात, आणि पहिले काही जीबी रॅममध्ये जात असल्यामुळे काटा उगाच वर दिसतो. आधी आयपर्फ३ हा नुसता नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा, एका टोकाला सर्व्हर म्हणून, दुसऱ्याला क्लायंट म्हणून. २.५ वर २.३ गिगाबिटच्या पुढे आकडा आला तर कार्ड आणि केबल दोन्ही ठीक, पुढची जी काही मंदी ती डिस्कची. आकडा ९४० मेगाबिटच्या आसपास अडकला तर वाटेत कुठेतरी १ गिगाबिटचा पोर्ट आहे. लिंक मध्येच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर जाऊन एनर्जी एफिशियंट इथरनेट ही वीज वाचवणारी सेटिंग बंद करा. जंबो फ्रेमच्या (डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवायच्या सेटिंगच्या) नादी लागू नका, दोन्हीकडे सारखी नसली की नस्ता ताप होतो आणि २.५ वर फायदा जेमतेम.

१० गिगाबिटच्या कार्डाचे जे पैसे वाचतील त्यात डेस्कटॉपला एक टीबीची एनव्हीएमई घ्या आणि चालू लग्न तिच्यावरच ठेवून कापा. नॅसवर रात्री जाऊ द्या, मग सतरा मिनिटं लागोत नाहीतर वीस.