१८ जुलैचा फळा

सातारा, २१ जुलै

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फळ्याचा फोटो मिळाला. अक्षर नीटस आहे, रंगीत खडूचा सोस नाही, हे आवडलं. परिपाठातला दिनविशेष तुझ्याकडे आलाय म्हणतेस. तो नेहमी नव्या माणसाच्याच गळ्यात पडतो. मग नवा माणूस रात्री ग्रुपवर आलेला मजकूर सकाळी फळ्यावर उतरवतो आणि मोकळा होतो. तू तसं केलं नाहीस. स्मृती मानधना आणि नेल्सन मंडेला शेजारी शेजारी आणलेस, खाली १९९६ आणि १९१८ अशी वर्षं घातलीस. स्मृती जन्मली मुंबईत, पण वाढली सांगलीच्या माधवनगरात. जतच्या पोरांना ती घरचीच वाटणार.

एक राहिलं. त्याच तारखेला, १८ जुलै १९६९ रोजी, तुमच्या सांगली जिल्ह्यातले अण्णा भाऊ साठे गेले. त्यांचं वाटेगाव वाळवा तालुक्यात. आपल्याकडे दिनविशेष म्हटलं की वाढदिवसाकडेच हात जातो. गेलेल्यांची तारीखही बघत जा. अण्णा भाऊंचा दिवस यंदा अजून हातचा गेलेला नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता तुझा प्रश्न. दोन मोठी माणसं एकाच तारखेला जन्मली, तर त्या तारखेत काही असतं का? सोबतचे गुरुजी ग्रहयोग म्हणाले आणि तू गप्प बसलीस. बरं केलंस. दुशिक्षकी शाळेत पहिल्याच महिन्यात वाद घालून वर्ष कसं काढणार? पण उद्या चौथीतलं पोरगं हेच विचारेल, तेव्हा गप्प बसून चालणार नाही.

त्याचं उत्तर नेमकं १९ जुलैच्या पोटात आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. २००८ साली त्यांनी एक साधी चाचणी घेतली. सोबत आमच्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती होती. दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. कुंडल्या मांडल्या, मिसळल्या आणि ज्योतिष्यांना चाळीस-चाळीस देऊन सांगितलं, यातली कोणती कुठल्या गटातली ते ओळखा. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. पोरांना हे सांगताना कुणाची टर उडवू नकोस. चाचणी कशी घेतली ते सांग, आकडा फळ्यावर लिही आणि बाजूला हो.

मोठ्या वर्गाला गणितही दाखवता येईल. तेवीस माणसं एका खोलीत असली, तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तुझा पट चाळीसचा असेल तर ती ८९ टक्क्यांवर जाते. तीनशे पासष्ट दिवस आणि चाळीस पोरं, मग एवढी कशी? तर जोड्या मोजायच्या. चाळिसांत ७८० जोड्या पडतात. हजेरीपट घेऊन त्यांच्याकडूनच जोडी शोधून घे. जोडी सापडली की जो गलका होईल, त्याची तयारी ठेव.

एवढं झालं की एखादी पोरगी विचारणार, बाई, माझ्या वाढदिवसाला कोण जन्मलं? सांग जरूर. पण कुणाची तारीख २० एप्रिल निघाली आणि मोबाईलने हिटलरचं नाव पुढे केलं, तर घाबरू नकोस आणि लपवूही नकोस. त्या पोराला समजावण्याच्या निमित्ताने अख्ख्या वर्गाला समजेल की तारीख माणसाला घडवत नाही, बिघडवतही नाही.

मग दोन माणसं शेजारी मांडायची तरी कशाला? मांडायची, कारण एरवी आपण त्यांना एकत्र कधी पाहिलंच नसतं. माझ्या मते याची सगळ्यात चांगली जोडी १ ऑक्टोबरची आहे, आणि तिचं अर्धं माणूस तुमच्या आटपाडी तालुक्यातलं आहे. ग. दि. माडगूळकर शेटफळ्यात जन्मले, १ ऑक्टोबर १९१९. त्याच तारखेला, त्याच साली उत्तर प्रदेशात सुलतानपूरला मजरूह सुलतानपुरी. दिवस एक, साल एक, आणि पुढे धंदाही एकच, सिनेमाची गाणी लिहिण्याचा. ग्रहयोगवाल्यांना यापेक्षा मोठी पर्वणी ती कुठली! पण खाली उतरून बघ. माडगूळकर माणदेशच्या दुष्काळी मातीतले, घरची ओढगस्त, शाळा औंध संस्थानात, शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेलं, तिथून कोल्हापूरच्या चित्रपटात. मजरूह लखनौला युनानी वैद्यक शिकलेले हकीम. मुशायऱ्यात नाव झालं आणि त्या वाटेने मुंबईला आले. एकाच्या कानात ओव्या आणि कीर्तन, दुसऱ्याच्या कानात गझल.

आणखी एक गंमत आहे, ती पोरांना नाही तरी तुला सांगतो. मजरूह डाव्या विचारांचे. नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात तुरुंगात गेले. इकडे औंधच्या राजांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मोकळी वसाहत वसवली होती, भिंतीवाचूनचा तुरुंग. त्या प्रयोगावरून व्ही. शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, १९५७ साली, आणि त्याची कथा माडगूळकरांची. एक कवी गजाआड बसला आणि त्याच दिवशी जन्मलेल्या दुसऱ्याने गजांवाचूनच्या तुरुंगाची गोष्ट लिहिली. यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण दोन्ही नावं शेजारी ठेवली नसती तर मला हे सुचलंही नसतं. जोडी लावायची ती एवढ्यासाठी.

२६ जूनची जोडी याहून वेगळी, कारण तिथे दोघांची गाठ खरोखर पडली. राजर्षी शाहू महाराज १८७४चे, बालगंधर्व १८८८चे. बालगंधर्वांचं नागठाणे म्हणजे कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यातलं. आमच्या साताऱ्याजवळचं हायवेवरचं नागठाणे वेगळं, पोरं घोळ करतात. नारायणला, म्हणजे लहानपणच्या बालगंधर्वांना, कमी ऐकू यायचं. गाणाऱ्या मुलाचा कानच अधू! महाराजांनी मिरजेत त्याच्यावर उपचार करवले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची वाटही त्यांच्याच शब्दाने मोकळी झाली. २६ जून हा सामाजिक न्याय दिन म्हणून शाळेत होतोच. भाषणं नेहमीचीच होतील, आरक्षणाचा १९०२चा हुकूम, वसतिगृहं. ती व्हावीतच. पण चौथीच्या पोराला एका राजाने एका मुलाचा कान बघायला लावला, हे जास्त लक्षात राहील.

प्रत्येक तारखेला जोडी लावलीच पाहिजे असं मात्र नाही. १५ जानेवारीला कुस्तीगीर खाशाबा जाधव आणि मार्टिन ल्यूथर किंग, असं कुणीतरी तुला सुचवेल. तारखा खऱ्या आहेत, १९२६ आणि १९२९. पण मला ती जोडी ओढूनताणून वाटते. त्या दिवशी गोळेश्वरच्या खाशाबांनाच सगळा वेळ दे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९५२ साली ब्राँझ पदक आलं आणि बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढं सांगितल्यावर दुसऱ्या नावाला जागा उरते कुठे?

१३ नोव्हेंबरची जोडी तुझ्या जिल्ह्याची आहे, नाटककार गोविंद बल्लाळ देवल आणि वसंतदादा पाटील. ती तू स्वतः बांध. देवलांच्या ‘शारदे’त म्हाताऱ्याशी लग्न लावून देऊ घातलेली कोवळी पोर आहे, एवढा धागा देतो. तुझ्या भागात तो अजून जुना झालेला नाही.

आता तारखा तपासण्याचं. ग्रुपवरचा मजकूर एकाने चुकवला की शंभर फळे चुकतात. शाहू महाराजांची तारीख जुन्या पुस्तकांत २६ जुलै अशीही सापडते. वि. स. खांडेकर सांगलीचे, पण त्यांची जन्मतारीख कुठे ११ जानेवारी दिसेल, कुठे १९. शिवजयंती तारखेने की तिथीने हे तर तुला गावातच कळलं असेल. दोन भरवशाच्या ठिकाणी जुळली तरच तारीख लिहावी. विश्वकोश आपल्या वाईत तयार होतो, तो आता मोबाईलवरही उघडतो, तिथून सुरुवात कर. जुळली नाही तर नुसतं वर्ष लिही.

आणि फळ्याच्या आधी एकदा कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढ. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पानं उघड. जन्मतारखेच्या रकान्यात वरून खाली बोट फिरव. १ जून, १ जून, १ जून. अंकी तेच, अक्षरी तेच, शाई तीच, मधेच एखादी ५ मार्च दिसली तर ती पोस्टमास्तरांची मुलगी असणार. बाप पोराला घेऊन दारात उभा, गुरुजी विचारणार कधीचा, बाप म्हणणार, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होता. गुरुजी वर्षाचा हिशेब करायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून महिना जून धरायचे, वय पुरं भरायचं. म्हणून तर ३१ मेला जिल्हा परिषदेत निरोपसमारंभांची रांग लागते. १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्ती. मीही त्याच रांगेतला. आई सांगायची बेंदराच्या आसपासचा आहेस, आणि बेंदूर तर आषाढात.

तुझ्या शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची पोरं असतील. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, जन्मलेल्या लेकराची नोंद अजूनही कधी मागेपुढे होते. वाढदिवसाची टोपी घालून चॉकलेटं वाटणाऱ्या पोरासमोर अशा पोराला, तुझा खरा वाढदिवस कधी, असं चारचौघांत विचारू नकोस. त्याच्यासाठी १ जूनचा एक माणूस मी शोधून ठेवलाय, सत्येंद्रनाथ टागोर. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, जन्म १ जून १८४२, आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेत, गेलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली ते निवृत्त झाले तेव्हा इथे साताऱ्यातच न्यायाधीश होते. शाळा उघडायच्या आधी त्यांचं नाव वहीत लिहून ठेव, सुट्टीत तारीख निघून जाते.

राहिला १ ऑगस्ट. तुझ्या शाळेतही एका टेबलावर दोन फोटो येतील, लोकमान्य टिळकांचा आणि अण्णा भाऊंचा. दिवस एकच, १ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले आणि वाटेगावला मांगवाड्यात अण्णा भाऊ जन्मले. कुणीतरी भाषणात म्हणेल, एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला. म्हणू दे, पण तू त्या वाटेला जाऊ नकोस. तुला शिकवायचं आहे ते शाळेचं. टिळकांनी १८८० साली पुण्यात सोबत्यांबरोबर शाळा काढली, स्वतः तिथे शिकवलं. अण्णा भाऊंच्या वाट्याला दीड दिवसाची शाळा आली. वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबई गाठलेला हा माणूस पुढे कथा, कादंबऱ्या, लोकनाट्यं लिहिता झाला. दीड दिवसच का, हे पोरांना विचार. उत्तर त्यांच्याकडून येऊ दे. जातीचं नाव कुणी घेतलं तर दचकू नकोस, आणि घाईने पुढच्या मुद्द्यावरही जाऊ नकोस. भाषणं पाठ करून घेण्यात तीन दिवस घालवण्यापेक्षा हा एक तास त्यांना दे.

दोनच दिवसांनी ३ ऑगस्ट येतो. क्रांतिसिंह नाना पाटील, १९००. येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले आणि सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलेले. त्याच तारखेला फुटबॉलवाला सुनील छेत्री, १९८४. मोठी पोरं छेत्रीचं नाव आधी घेतील, घेऊ देत. त्यांच्याकडूनच प्रतिसरकार म्हणजे काय ते शोधून आणायला सांग. गावात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याकडे चार पोरं पाठव. परवानगी आधी मुख्याध्यापकांची घे, आणि दुपारी पाठवू नकोस, म्हातारी माणसं तेव्हा झोपलेली असतात.

तुझे,
सर