सोसायटीत पाण्याचे दोन पंप आहेत, मग आज कोणता चालणार हे पॅनेल कसं ठरवतं?

पॅनेलमधला अल्टरनेटिंग रिले, म्हणजे पंपांची पाळी बदलणारा स्विच, ठरवतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ठरलेल्या पातळीखाली गेलं की फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा) सिग्नल देतो आणि एका पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाला वीज जोडणारा स्विच, लागतो. टाकी भरून पंप थांबला की रिले पलटतो, पुढची पाळी दुसऱ्याची. त्यामुळे दोन्ही सारख्याच प्रमाणात झिजतात, आणि महिनोन्‌महिने पडून राहिल्याने एखादा जाम होण्याची भीती राहत नाही.

पातळी आणखी उतरली तर दुसराही मदतीला सुरू होतो. चालू पंपाचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की पंप बंद करणारा) ट्रिप झाला, तर चांगलं पॅनेल आपणहून दुसऱ्यावर जातं. स्वस्तातल्या पॅनेलमध्ये हे असेलच असं नाही, घेताना विचाराच! खालच्या टाकीतही वेगळा फ्लोट हवा, नाहीतर पाणी संपल्यावर पंप कोरडे फिरतील.