पत्त्यात पोर्टलंड, पण राहणार वॉशिंग्टन काउंटीत

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हिल्सबोरोच्या चिप कंपनीची ऑफर आहे, मिसेस आणि दोन मुलं सोबत येणार, आणि 'पोर्टलंडमध्ये' बेथनीला टाउनहाउस भाड्याने बघून ठेवलंय, तर एरिया कसा. एरिया मस्त आहे, पण पत्त्यातलं पोर्टलंड पोस्टापुरतं. बेथनी पोर्टलंड शहरात नाहीच, खरं तर कुठल्याच शहरात नाही, मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही, वॉशिंग्टन काउंटीच सगळं बघते. पोलीस म्हणजे शेरीफचे डेप्युटी, पार्क आणि स्विमिंग पूल वेगळ्याच पार्क डिस्ट्रिक्टचे, शाळा बीव्हरटन स्कूल डिस्ट्रिक्टच्या.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा, पण वरून नेमलेला कलेक्टर नाही. पाच जणांचं बोर्ड, चार आपापल्या भागातून आणि चेअर अख्ख्या काउंटीतून, पक्षाचं चिन्ह कोणालाच नाही. शेरीफ पण निवडणूक लढवून येतो, आपल्याकडच्या एसपींनी मतं मागितली तर कसं वाटेल!

आता पैशाचं, कारण पगाराचा आकडा बघून सगळे खूश होतात. ओरेगनला सेल्स टॅक्स शून्य, पण स्टेट इन्कम टॅक्स पगाराच्या बऱ्याचशा भागावर ८.७५ टक्के लागतो आणि वरच्या स्लॅबला ९.९. वर मेट्रोचा (रेल्वे नाही, पोर्टलंड परिसराचं प्रादेशिक सरकार) बेघरांसाठीचा १ टक्का, तो दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या रकमेवर. तो वॉशिंग्टन काउंटीतही आहे, पण शेजारच्या मल्टनोमा काउंटीत, म्हणजे मुख्य पोर्टलंडमध्ये, प्रीस्कूलचा आणखी १.५ टक्क्यापासून सुरू होणारा टॅक्स आहे, तो बेथनीत राहून हिल्सबोरोला काम केलं तर लागत नाही. मिसेसना पोर्टलंड डाउनटाउनला जॉब लागला तर मात्र तिथल्या कमाईवर लागू शकतो, हे कोणी आधी सांगत नाही.

हा भाग मूळचा अटफलाटी कालापूया या मूळनिवासी लोकांचा. १८४३ ला गोऱ्या वसाहतवाल्यांनी ट्वॉलिटी डिस्ट्रिक्ट केला, १८४९ ला नाव वॉशिंग्टन झालं, आणि पुढची शंभर वर्षं शेतीच. मग टेक्ट्रॉनिक्स ही इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी बीव्हरटनला आली, तिथून बाहेर पडलेल्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या, सत्तरच्या दशकात इंटेल आली आणि इथल्या टेक कंपन्यांच्या पट्ट्याचं नाव 'सिलिकॉन फॉरेस्ट' झालं. नायकीचं हेडऑफिस पण इथेच, गंमत म्हणजे चारी बाजूंनी बीव्हरटन आणि नायकी त्याच्या हद्दीबाहेर, शहराने हद्दीत ओढून घ्यायचा प्रयत्न केला तर २००५ ला स्टेटने कायदा करून थांबवलं. आता हिल्सबोरोला डेटा सेंटरची रांग लागलीय, त्यांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट मिळते.

पण सगळी अंडी चिपच्या टोपलीत, हे डोक्यात ठेवा. २०२५ च्या जुलैत इंटेलने ओरेगनमधल्या जवळपास २,४०० लोकांना काढलं, त्यात एच-वन व्हिसावाल्यांना दुसरा जॉब शोधायला ६० दिवसच मिळतात. म्हणून पहिलं वर्षभर घर विकत घेऊ नका, माझं स्पष्ट मत.

घरं महाग का, तर अर्बन ग्रोथ बाउंड्री. १९७३ च्या स्टेटच्या कायद्यामुळे शहराभोवती रेष आखलीय, त्यापलीकडे सोसायट्या बांधता येत नाहीत. नॉर्थ बेथनीला जाऊन बघा, एका बाजूला भिंतीला भिंत लावून टाउनहाउस आणि रस्ता ओलांडला की सरळ शेत. पुढे घेतलंच तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल ऑक्टोबरमध्ये येतं, १५ नोव्हेंबरच्या आत पूर्ण भरलं की ३ टक्के सूट. करासाठी धरलेली किंमत १९९७ च्या नियमाने साधारण वर्षाला ३ टक्क्यांच्या वर वाढत नाही, त्यामुळे बाजारभाव सारखा असून दोन घरांचा टॅक्स वेगळा दिसतो, घाबरू नका.

लीजवर सही करायच्या आधी पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाका, मुलांची शाळा त्यावरूनच ठरते आणि ब्रोकर सांगेल तीच असेल असं नाही.