डॉक्युमेंटेशन साइट नेटवर चढवताना: वाचकांचे प्रश्न

स्टॅटिक डॉक्युमेंटेशन साइट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची माहिती देणारी साइट. तिच्याबद्दल आलेले बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात. बिल्ड (लिहिलेल्या मजकुरातून साइटची पानं बनवणं) झाल्यावर तयार झालेला फोल्डर कुणी उघडून पाहिलेलाच नसतो. होस्टिंग सेवा वाचकाला त्या फोल्डरमधल्या फायलीच पाठवते, त्यामुळे चूक शोधायची तर आधी तिथे शोधा.

डॉक्युसॉरस या साइट बनवणाऱ्या साधनात केलेली साइट माझ्या लॅपटॉपवर झकास दिसते. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर टाकली की रंग, मेनू सगळं जातं आणि नुसता मजकूर उरतो. असं का?

पत्त्यामुळे. लॅपटॉपवर तुमची साइट मुळापासून, म्हणजे नुसत्या स्लॅशपासून सुरू होते. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टची साइट तुमच्या नावाच्या पत्त्याखाली रेपोच्या (प्रोजेक्टच्या फायलींच्या गिटहबवरच्या साठ्याच्या) नावाच्या कप्प्यात बसते. पान मात्र रंग-मांडणीची सीएसएस फाइल मुळाशीच मागत राहतं. तिथे ती नसते आणि ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' असा निरोप, येतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'बेसयूआरएल' ही किंमत स्लॅश, रेपोचं नाव, पुन्हा स्लॅश अशी द्या. शेवटचा स्लॅश विसरू नका.

उघड्याबोडक्या पानावर वरच एक सूचना दिसत असेल, साइट नीट लोड झाली नाही अशी. बरेच जण ती न वाचताच पान बंद करतात. सध्याचा बेसयूआरएल काय आहे आणि कोणता देऊन पाहावा, हे डॉक्युसॉरस तिथेच लिहून देतो. पुढे स्वतःचं डोमेन जोडलं तर ही किंमत परत नुसता स्लॅश करावी लागते, नाहीतर तोच घोळ उलट्या बाजूने होतो.

स्फिंक्स या साधनाने केलेली साइट गिटहब पेजेसवर टाकली. रेपोचं नाव बरोबर आहे, पण सीएसएस तरीही येत नाही.

स्फिंक्स सीएसएस ज्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याचं नाव अंडरस्कोअरने सुरू होतं. ब्रँचवरून (रेपोतल्या एका शाखेवरून) प्रकाशित करताना गिटहब पेजेस फायली आधी जेकिल या साइट बनवणाऱ्या साधनातून काढतं, आणि जेकिल अशी नावं वगळतो. प्रकाशित होणाऱ्या फोल्डरच्या मुळाशी 'डॉट नोजेकिल' नावाची रिकामी फाइल ठेवा. स्फिंक्समध्ये 'गिटहबपेजेस' हे एक्स्टेन्शन चालू केलं की ती आपोआप बनते.

एमकेडॉक्स या साधनाने केलेल्या साइटला स्वतःचं डोमेन लावलंय. दर वेळी 'जीएच-डिप्लॉय' ही प्रकाशनाची आज्ञा चालवली की डोमेनची सेटिंग पुसली जाते.

गिटहबवर डोमेन नोंदवलं की 'सीनेम' नावाची फाइल जीएच-पेजेस ब्रँचमध्ये जाते. तुमची आज्ञा ती ब्रँच दर वेळी नव्या बिल्डने भरते, आणि बिल्डमध्ये ती फाइल नसते. तेव्हा ती मजकुराच्या 'डॉक्स' फोल्डरमध्येच ठेवा. नाव सगळं कॅपिटल अक्षरांत, पुढे एक्स्टेन्शन नाही, आत एका ओळीत डोमेन. प्रकाशन गिटहब ॲक्शन्सच्या (कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) वर्कफ्लोतून करत असाल, तर ही फाइल लागतच नाही. डोमेन सेटिंगमधूनच घेतलं जातं.

आमच्या सॉफ्टवेअरची माहिती आम्ही एमकेडॉक्समध्ये मराठीत लिहितो. विभागांच्या लिंका 'अंडरस्कोअर १', 'अंडरस्कोअर २' अशा बनतात आणि शोधात मराठी शब्द सापडत नाहीत. मराठीत लिहिणंच सोडावं का?

मुळीच सोडू नका. मराठीत चांगलं डॉक्युमेंटेशन फार थोडं आहे आणि त्याची गरज मोठी आहे. दोन्ही अडचणींवर उपाय आहेत.

लिंकांचं आधी बघू. शीर्षकावरून लिंक बनवताना पायथन-मार्कडाउन (एमकेडॉक्सच्या आत मजकुराची पानं बनवणारा भाग) मूळ मांडणीत फक्त आस्की, म्हणजे साधी रोमन, अक्षरं ठेवतं. देवनागरी शीर्षकातून काहीच उरत नाही, म्हणून नुसते क्रमांक पडतात. दिसायला वाईट हा भाग वेगळा. खरी अडचण पुढे येते. मध्येच एक नवं शीर्षक घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका भलत्याच विभागावर उतरतात. 'ॲट्रलिस्ट' एक्स्टेन्शन चालू करा आणि प्रत्येक शीर्षकाला रोमन लिपीत छोटी ओळख स्वतः द्या. फायलींची नावंही रोमनमध्येच ठेवा. 'स्थापना' या शब्दात युनिकोडची ७ चिन्हं आहेत. पत्त्यात त्यांची टक्केवारीच्या खुणांसकट ६३ अक्षरं होतात. असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की पाहणाऱ्याला तो लबाडीचा वाटतो.

आता शोध. एमकेडॉक्सचा शोध लनर या शोधाच्या लायब्ररीवर चालतो. लनर शब्दाच्या दोन्ही टोकांची 'चिन्हं' छाटतं, आणि रोमन अक्षर, अंक किंवा अंडरस्कोअर नसलेलं सगळं त्याच्या लेखी चिन्हच. म्हणजे पूर्ण मराठी शब्द छाटला जातो. माझा कौल पेजफाइंड या दुसऱ्या शोध-साधनाला. ते बिल्ड झाल्यावर तयार पानं वाचून शब्दसूची बनवतं. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवलेली हवी, एवढं पाहा. शोधपेटी मात्र थीममध्ये स्वतः बसवावी लागेल. एक मर्यादा उरते. 'सर्व्हर' शोधलं तर 'सर्व्हरवर' सापडेल, कारण सुरुवात जुळते. 'फाइल' शोधून 'फायलीत' सापडणार नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. म्हणून महत्त्वाचा शब्द शीर्षकात तरी मूळ रूपात येऊ द्या.

आमची छोटी कंपनी आहे आणि रेपो खाजगी आहे. फुकटात कुठे ठेवावं?

गिटहबच्या फुकट खात्यावर खाजगी रेपोतून पेजेस मिळत नाही. व्हर्सेल या होस्टिंग सेवेची फुकट हॉबी योजना व्यावसायिक कामासाठी नाही. मी क्लाउडफ्लेअर पेजेस घेईन. फुकट योजनेत २०,००० फायली चालतात आणि एक फाइल २५ एमबीच्या आसपास असू शकते. जुन्या आवृत्त्यांची पानंही ठेवणार असाल तर फायली झपाट्याने वाढतात, तेव्हा मोजून घ्या. सेटिंगमध्ये बिल्डचा फोल्डर अचूक द्या: डॉक्युसॉरसचा 'बिल्ड', एमकेडॉक्सचा 'साइट', ह्यूगोचा 'पब्लिक'. बिल्ड यशस्वी दाखवतं पण साइटवर ४०४ येतो, असं झालं तर पहिला संशय इथेच घ्या.

आणि हे नीट लक्षात घ्या: रेपो खाजगी असला तरी साइट जगाला दिसते, प्रीव्ह्यूच्या (बदल आधी तपासण्यासाठीच्या प्रतीच्या) लिंकाही. आतल्या लोकांपुरतीच ठेवायची तर क्लाउडफ्लेअर ॲक्सेस ही प्रवेश तपासणारी सेवा लावा. ५० जणांपर्यंत फुकट आहे. ग्राहकांची नावं, पासवर्ड, चाचणीच्या सर्व्हरचे पत्ते असला मजकूर त्यानंतरही डॉक्युमेंटेशनमध्ये नकोच.

विंडोजवर सगळी चित्रं दिसतात, साइटवर निम्मी गायब.

फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोजला एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये असो वा लहान, सारखंच. होस्टिंगच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. नाव नुसतं एक्सप्लोररमधून बदललं तर गिटला (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) बहुधा कळत नाही. 'गिट एमव्ही' आज्ञेने बदला, कमिट करा आणि पुश करा.