टेस्टर लेक्चरमध्ये नक्की काय बघायचं

अगं,

तुझा मेसेज वाचला. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, सगळ्यांच्याच फ्री टेस्टर लेक्चर्सच्या, म्हणजे ॲडमिशनआधी विषयाची चव घ्यायला युनिव्हर्सिटी ठेवते त्या नमुना लेक्चर्सच्या, लिंक्स गोळा करून ठेवल्यास आणि आता विचारतेयस, ताई, ह्यातलं चांगलं कुठलं. अगं, बहुतेक सगळी चांगलीच असणार, कारण अशा लेक्चरला युनिव्हर्सिटी आपल्याकडचा छान बोलणारा माणूसच पुढे करते. म्हणून लेक्चर आवडलं की विषय आवडला असं लगेच धरून चालू नकोस. तो विषय प्रश्न कसे विचारतो ते बघ, आणि लॅपटॉप बंद केल्यावरही त्यातला एखादा प्रश्न तुझा पिच्छा पुरवतो का ते बघ. माझ्या मते टेस्टरचा खरा उपयोग एवढाच, आणि तो खूप मोठा आहे.

म्हणजे कसं, ते सांगते. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भयंकर भूकंप झाला, नेमका सणाचा दिवस, लोक सकाळी चर्चमध्ये जमलेले, त्यात वरून त्सुनामी आली आणि आग लागली ती कित्येक दिवस विझली नाही. आता हे इतिहासवाल्यांनी घेतलं तर ते आधी विचारतील की आपल्याला हे कळलं कुठून. तिथला मंत्री पोंबाल, त्याच्या सरकारने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली होती, धक्का किती वेळ जाणवला, माणसं किती गेली, समुद्र आधी वर चढला की मागे हटला. मग ती उत्तरं कितपत खरी मानायची, आणि ज्यांना कोणी विचारलंच नाही त्यांचं काय, इथे इतिहासाचं काम सुरू होतं. तत्त्वज्ञानवाले म्हणतील, देव चांगला असेल तर हे का घडलं? फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ह्यावर कविता लिहिली, आणि १७५६ मध्ये तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्र लिहून सुनावलं की सहा-सात मजली घरं काही निसर्गाने बांधली नव्हती. म्हणजे आपत्ती कोणाची, निसर्गाची की माणसाची, ह्यावर आजही वाद घालता येतो. आणि साहित्यवाले विचारतील की व्हॉल्तेअरने निबंध न लिहिता कविताच का लिहिली, तोच युक्तिवाद कवितेत आला की वाचणाऱ्यावर वेगळं काय होतं.

घटना एकच. वाचताना तू कुठे थांबलीस, ते आत्ता लगेच लिहून ठेव, उद्या विसरशील.

दुसरं म्हणजे, टेस्टर तासाभरात संपतं, पण डिग्रीचा बराचसा वेळ एकटीने वाचण्यात आणि लिहिण्यात जातो, आणि हे टेस्टरमध्ये दिसतच नाही. त्यामुळे एखादा विषय आवडला की त्याचा अख्खा कोर्स शोध. येल युनिव्हर्सिटीने २००७ पासून ओपन येल कोर्सेस म्हणून खऱ्या वर्गातली लेक्चर्स फुकट ठेवलीयेत, सोबत सिलॅबस आणि काय वाचून यायचं तेही दिलंय, बोललेलं सगळं लिहूनही आहे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर पण इंजिनिअरिंगच नाही, इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान सगळं आहे. तिथे पहिलं लेक्चर नको बघूस, पहिल्या दिवशी सगळेच उत्साहात असतात. मधलं एखादं घे, आठवं-नववं, त्याच्यासाठी दिलेलं वाचन आधी पूर्ण कर, कंटाळा आला तरी कर, आणि मग ऐक. तो कंटाळा तुला झेपला का, हे कळणं फार महत्त्वाचं आहे ग. आणि प्लीज, दीडपट स्पीडने ऐकू नकोस, तत्त्वज्ञानाचं तर अजिबात नाही, तिथे पॉज करून विचार करायलाच वेळ लागतो.

लाइव्ह असेल तर प्रश्न विचारच, चॅटमध्ये टाईप केलास तरी चालेल. फी आणि शेवटची तारीख वेबसाईटवर मिळते, ते विचारण्यात तुझी संधी घालवू नकोस. पहिल्या वर्षाच्या निबंधाला कसले प्रश्न असतात, लिहिलेलं तपासून कोण देतं, आठवड्याला साधारण किती वाचायचं असतं, हे विचार. शिकवणारा माणूस ह्याचं उत्तर किती मनापासून देतो ह्यावरून तिथल्या शिकवण्याचा बराच अंदाज येतो.

ॲडमिशनच्या ॲप्लिकेशनमध्ये मात्र ऐकलेल्या लेक्चर्सची यादी देऊ नकोस, तिचा काही उपयोग नाही. एकच घे, आणि त्यातलं काय पटलं नाही, त्यावर पुढे काय वाचलंस, ते लिही. पटलं नाही हे लिहायला घाबरू नकोस, ह्युमॅनिटीजमध्ये, म्हणजे ह्या इतिहास-तत्त्वज्ञान-साहित्यासारख्या विषयांत, तेच तर शिकवतात, फक्त का ते सांगता आलं पाहिजे.

तर आता असं कर, त्या लिंक्सपैकी तीनच ठेव, वेगवेगळ्या विषयांच्या, आणि दिवसाला एकच ऐक. प्रत्येकीनंतर नोट्स न बघता एक पान लिही आणि मला पाठव. शुद्धलेखन मी बघणार नाहीये, कुठलं पान लिहिताना तुझा हात थांबला नाही ते बघणार आहे.

तुझी,
ताई