अनुमान की नुसता अंदाज?

प्रश्न : जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या उताऱ्यावरच्या तर्काच्या प्रश्नांत) अनुमानाच्या प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो. काय चुकतं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बहुधा तुम्ही 'असू शकेल' ते निवडता; हवं असतं 'असलंच पाहिजे' ते. तुमच्या इंदूरच्या सराफ्याचंच घ्या : दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या, रात्री त्यांच्याच ओट्यांवर खाऊची दुकानं. समजा, उतारा म्हणतो, 'या ओट्यावर खाऊचं दुकान लागतं ते मागची पेढी बंद झाल्यावरच.' यातून एवढंच निघतं, की दुकान लागलेलं असेल तर पेढी बंद आहे. 'पेढी बंद, म्हणजे दुकान लागलंच असणार' हे निघत नाही. खाऊवालाही सुटीवर असू शकतो. सगळा घोळ त्या 'च'चा. 'रात्री तिथे गर्दी असते' हे तर उताऱ्यात नाहीच, म्हणून बाद. (इंदूरकरांना हे जड जाईल!)

उरलेल्या दोन पर्यायांना उलटून पाहा. पर्याय खोटा मानूनही उतारा खरा राहत असेल, तर ते अनुमान नव्हे. 'सर्व', 'नेहमी' असलेल्या पर्यायाकडे संशयाने बघा. पण उताऱ्यातच 'सर्व' असेल तर बिचकू नका. हे प्रश्न ज्यात येतात त्या व्हर्बल (भाषा) विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी जेमतेम दोन मिनिटं. तेव्हा ही उलटतपासणी पाचही पर्यायांची करत बसू नका.